टोकन देण्याआधीची संध्याकाळ

पार्किंगमधली वर्दळ ओसरली की खाली या. आपल्या रिकाम्या जागेपाशी उभे राहा. 2021 ची, एका हाती वापरलेली नेक्सॉन ईव्ही पाहून आला आहात. तिची किंमत डोक्यात घोळते आहे. घोळू द्या.

गाडीचा विचार इतक्यात नको. आधी आपली अंतरं मोजा. डोळे मिटून कालचा दिवस आठवा: कोथरूडहून हिंजवडी, परतताना मंडई, मुलीचा क्लास. सगळे मिळून 45 किलोमीटर. मग परवाचा दिवस, मग त्याच्या आधीचा. सावकाश. वर्षातून दोन-तीनदा आईकडे कोल्हापूर, तेही आठवा. पण कोल्हापूर सर्वांत शेवटी. आपण बहुतेकजण कोल्हापूर आधी आठवतो आणि रोजची हिंजवडी विसरूनच जातो.

आता भीतीकडे वळा. ती बॅटरीची आहे. तिला हाकलू नका, शेजारी बसवून घ्या. दुपारी चारलाच मान टाकणारा जुना मोबाइल आपण सगळ्यांनी वापरलाय. तीच आठवण इथे चिकटली आहे. पण या गाडीची बॅटरी थंड ठेवायला आत द्रव खेळवलेला असतो, मोबाइलच्या नशिबी ते नाही. झीज मात्र होतेच. चालवून होते, नुसती उभी राहूनही होते, उन्हात पूर्ण भरून ठेवली तर जास्त होते. नवी असताना हिच्यात 30.2 युनिट मावायचे. समजा दहा टक्के गेले, 27 उरले. युनिटमागे सात किलोमीटर धरले तर 190 च्या आसपास. हा आकडा मघाच्या 45 शेजारी ठेवा आणि थोडं थांबा. छाती सैल झाली का? नसेल, तर का नाही, तेवढंच पाहा.

गाडीच्या पडद्यावर जे किलोमीटर दिसले, त्यांना फार जवळ करू नका. तो अंदाज बराचसा अलीकडच्या चालवण्यावरून निघतो. तिथे बॅटरीइतकेच आधीच्या मालकाचे पायही बोलत असतात.

बॅटरीची हमी आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, यांतलं जे आधी संपेल ते. म्हणजे या गाडीला फार तर 2029. ती हमी आपल्या नावावर येईल ना, हे लेखी विचारायचं. 2029 नंतरचं आज ठरणार नाही. तो प्रश्न उघडाच राहू द्या.

डोळे उघडा. समोरची भिंत पाहा. तुमच्या मीटरपासून इथवर केबल येईल का? 15 अँपिअरचा सॉकेट बसवायला सोसायटी हो म्हणेल का? मला हा प्रश्न बॅटरीहून मोठा वाटतो. इथे प्लग असेल तर रात्री नऊ-दहा तासांत गाडी भरते, तुम्ही झोपेत असता. नसेल तर वरचेवर कुठेतरी रांग लावावी लागेल, आणि तो वेळ तुमच्या मुलीच्या वाट्याचा असेल. सेक्रेटरींना आजच भेटा.

मग मालकाला फोन करा. सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरीची तब्येत तपासून द्यायला सांगा आणि एक दिवस गाडी मागा. शंभर टक्के भरलेली. ट्रिप मीटर शून्य करा, एसी लावा, नेहमीच्याच रस्त्याने, नेहमीच्याच गर्दीत हिंजवडीला जा. परत या, पुन्हा जा. चार्ज पन्नास टक्क्यांवर आला की किती किलोमीटर झाले ते वाचा. तोवर टोकन द्यायचं नाही.