प्रार्थनेची कोणती प्रत खरी?

जॉन कोल्ट्रेनची ‘अ लव्ह सुप्रीम’ ही ईश्वराला अर्पण केलेली जॅझरचना ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीतील स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. शेवटच्या भागात कोल्ट्रेन स्वतः लिहिलेली प्रार्थना उच्चारत नाही. तिचे शब्द सॅक्सोफोनवर अक्षराअक्षराने वाजवतो. ही तबकडी सुमारे ३३ मिनिटांची; १९६५ साली सिॲटलच्या मैफलीत तीच रचना सव्वा तास रंगली. काही रसिक तबकडीलाच मूळ संहिता मानतात. इतरांच्या मते प्रार्थना दर वेळी नव्याने करावी लागते. उत्स्फूर्ततेवर उभ्या असलेल्या जॅझला हेच मत अधिक लागू पडते. अर्थात, हे रसिकही ती मैफल ऐकतात ध्वनिमुद्रणातूनच! सॅन फ्रान्सिस्कोत कोल्ट्रेनला संत मानणारे चर्च आहे. तिथे ही रचना उपासनेत वाजवली जाते.