नांवाची सत्ता आणि नकाराचा अधिकार

दिवा जंक्शनच्या फलाटावर सकाळची गाडी येईपर्यंत जो वेळ जातो, त्यांत राज्यशास्त्राचे पुष्कळ प्रश्न निकालांत निघतात. मागें एकदां आमच्या शेजारीं उभ्या असलेल्या एका तरुण गृहस्थांनीं विचारलें, "सर, राष्ट्रपति कोणीहि झाले, तरी आमच्या गाडींत जागा होणार आहे काय?" इतक्यांत गाडी आली, आम्ही दोघेहि दारापाशीं कसेबसे उभे राहिलों, आणि उत्तर तसेंच राहून गेलें. तें येथें देण्याचा प्रयत्न करितों.

प्रथमदर्शनीं त्या गृहस्थांचेंच म्हणणें खरें वाटतें. राज्यघटनेच्या ५३ व्या अनुच्छेदानें संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायीं ठेविली आहे; ७४ व्या अनुच्छेदानें ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याशीं बांधिली आहे. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनें तो सल्ला बंधनकारक असल्याचें स्पष्ट लिहिलें. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनें तो एकवार फेरविचारासाठीं परत धाडण्याची मुभा दिली, इतकेंच. २ जानेवारी २०१५ रोजीं दिव्याच्या प्रवाशांचा संताप रुळांवर उतरला. पुढें २०१६ च्या डिसेंबरांत येथें जलद लोकल थांबूं लागल्या. आपलें सुखदुःख रेल्वेच्या वेळापत्रकांत आणि महानगरपालिकेच्या नळांत आहे, हें लोक पुरतें जाणतात.

शिवाय प्रत्यक्ष प्रयोगहि होऊन गेला आहे. १२ नोव्हेंबर २०१९ पासून २३ नोव्हेंबरच्या पहांटेपर्यंत महाराष्ट्रांत राष्ट्रपति राजवट होती. त्या दिवसांत दिव्याचें फाटक पूर्वीप्रमाणेंच गाड्यांचा खोळंबा करीत होतें. राजवट आली केव्हां आणि उठली केव्हां, हें वर्तमानपत्र न वाचणाऱ्यास कळलेंहि नसेल.

परंतु येथेंच विचार थांबविला तर मोठी चूक होईल. २५ जून १९७५ च्या रात्रीं राष्ट्रपति फख्रुद्दीन अली अहमद यांनीं आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती; पंतप्रधानांचा सल्ला तेवढा पुढें होता. मंत्र्यांची संमति मिळाली ती दुसऱ्या दिवशीं सकाळीं. त्या एका सहीचा परिणाम घरोघर पोंचला. वर्तमानपत्रांवर नियंत्रण आलें. येरवडा आणि नाशिक येथील तुरुंगांत विनाचौकशी स्थानबद्ध केलेली माणसें गेलीं. ज्या घरांतील मिळविता माणूस गेला, तेथील दिनचर्याच मोडली. 'मंत्रिमंडळाचा निर्णय कोठें आहे?' एवढें विचारावयास राष्ट्रपतींस कोणती आडकाठी होती? पुढें ४४ व्या दुरुस्तीनें असा लेखी निर्णय आवश्यकच केला. जो प्रश्न माणसानें विचारला नाहीं, तो कायद्यास विचारावा लागला.

त्याच वर्षीं कऱ्हाड येथें मराठी साहित्य संमेलन भरलें. अध्यक्षस्थानीं दुर्गा भागवत होत्या. तेंहि अध्यक्षपदच, परंतु त्यामागें ना सैन्य, ना राजमुद्रा, ना घटनेचें कलम. तरी त्यांनीं लेखनस्वातंत्र्याचा पक्ष उघडपणें घेतला आणि पुढें तुरुंगवासहि सोसला. एका पदाच्या नांवें देशाची सर्व सत्ता लिहिलेली, दुसऱ्याच्या नांवें कांहींच नाहीं. आणि 'नाहीं' हा शब्द उच्चारला गेला तो दुसऱ्या ठिकाणीं.

तेव्हां आमचें उत्तर असें आहे. गाडींत जागा देणें राष्ट्रपतींच्या हातीं नाहीं. परंतु गाडीच्या दारांत उभें राहून सरकारला मोकळेपणें नांवें ठेवण्याची जी सोय आपणांस आहे, ती एका रात्रींत जाऊं शकते. आणि ती रात्र आलीच, तर त्यांची लेखणी क्षणभर थांबते कीं नाहीं, यास महत्त्व येतें. थांबलेल्या लेखणीनें अनर्थ टळेलच असें नाहीं. पण निदान तो गुपचूप होणार नाहीं.

हें लिहितांना आम्हांस स्वतःकडेहि पाहावें लागतें. अध्यापनाच्या इतक्या वर्षांत आम्हीं पुष्कळ कागदांवर न वाचतां सह्या केल्या आहेत. 'वरून आलें आहे' एवढें कारण त्या वेळीं पुरेसें वाटलें. ते कागद लहान होते, म्हणून त्यांचा कोठें बोभाटा झाला नाहीं. ते तरुण गृहस्थ पुन्हां भेटले, तर हेंहि त्यांस सांगावें असें मनांत आहे.