विधवेचे शेजारी कोठे होते?

नागपुरातील कस्तुरबानगरच्या बहुतांशी दलित वस्तीतील स्त्रियांनी एका गुंडाचा जुलूम वर्षानुवर्षे सोसला. तक्रारी करूनही संरक्षण मिळेना. १३ ऑगस्ट २००४ रोजी स्त्रियांच्या जमावाने त्यास भर न्यायालयात ठार केले. २०१४ साली आरोपी पुराव्याअभावी सुटले. हे पाप नव्हे काय, असे दिघीस एका भगिनीने विचारिले. खून तो खूनच. सूड घेण्याचा अधिकार प्रभूने मनुष्यास दिलेला नाही. परंतु प्रिय बंधुभगिनींनो, लूककृत शुभवर्तमानातील विधवा अन्यायी न्यायाधीशाकडे खेपा घालीत होती, तेव्हा तिचे शेजारी कोठे होते? आपल्या वाडीतही रात्री किंकाळी उठते, आणि उपदेशकाच्या घरचीसुद्धा कडी लागते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यान्वये संरक्षण अधिकाऱ्यास कोणीही खबर देऊ शकतो. पीडितेनेच जावे असे नाही.