सुपातली मालकी

लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जॉन लुईसचं मोठं दुकान आहे. मालकाचा मुलगा स्पेडन एकदा घोड्यावरून पडून अंथरुणाला खिळला. पडल्या पडल्या हिशेब करताना त्याच्या ध्यानात आलं, की वडील, भाऊ आणि आपण मिळून जेवढं घेतो, तेवढ्यात दुकानातल्या सगळ्यांचा पगार भागतो. ते त्याला सलत राहिलं. १९२९ साली त्यानं धंदा ट्रस्टकडे सोपवायला सुरुवात केली आणि नोकर भागीदार झाले.

सोलापूरच्या पूर्व भागात गेलं की मला हा हिशेब आठवतो. उंबऱ्याशी बिड्या वळत बसलेल्या अक्काच्या मांडीवर सूप असतं. फर्मा ठेवून कात्रीनं कापलेलं पान, त्यात चिमूटभर तंबाखू, बोटांची एक वळकटी, टोक दुमडून दोऱ्याचा वेढा. हात थांबत नाहीत आणि तोंडानं तेलुगूत नातवाला दटावणं चालूच असतं. हजार बिड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या, तर त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढल्या जातात. मिळालेली पानं कमी पडली तर पदरच्या पैशानं विकत आणायची. जागा तिची, दिवा तिचा, कात्री तिची, खोकलाही तिचाच. मालकाच्या वाट्याची जोखीम तिच्या सुपात कधीच येऊन पडली आहे; नफा तेवढा आलेला नाही.

घरी बसून करायचं काम म्हणजे असंच असणार, हे मला मान्य नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्यातून उभ्या राहिलेल्या लिज्जतची बाईही पीठ घरी नेते, पापड लाटून परत देते. हातांचे कष्ट तेच, पण ती तिथे भगिनी आहे, सहमालकीण आहे. आणि बिडीतही हे जमत नाही असं नाही. १९६६ च्या बिडी कामगार कायद्यानं मजुरांना हक्क दिले, तेव्हा ते टाळण्यासाठी मालकांनी केरळात कन्नूरकडचे कारखाने बंद केले. बेकार झालेल्या कामगारांनी १९६९ मध्ये केरळ दिनेश बिडी ही सहकारी संस्था उभी केली. पुढे बिडीचा खप घटला, तेव्हा तिनं खाद्यपदार्थ, छत्र्या, कपडे हाती घेतले. मला हेच मोलाचं वाटतं. बिडी कमी व्हायलाच हवी, पण त्यानंतर काय, हे तिथे कामगारांच्या संस्थेनं ठरवलं.

मालकीत तोटाही येतो. २०२१ साली जॉन लुईसच्या भागीदारांना बोनस मिळाला नाही. १९५३ नंतर असं पहिल्यांदाच घडलं. पण त्याआधीच्या इतक्या वर्षांचा नफा त्यांनी वाटून घेतला होता. अक्काच्या खाती तसं एकही वर्ष जमा नाही.

एकत्र येणं सोलापूरला शिकवावं लागत नाही. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकारानं बिडी कामगार बायकांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली आणि २००६ मध्ये सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या दहा हजार घरांचा ताबा घेतला. म्हणजे घर त्यांचं झालं. तिथेही घराच्या ओट्यावर एखादी अक्का दुपारी सूप घेऊन बसते, आणि सुपातली पानं अजून दुसऱ्याची असतात.