बोलून मारलेला चेंडू

दिवाळीच्या दुपारी फराळ अंगावर येऊ लागला, की घरोघरी माळ्यावरचा कॅरमचा बोर्ड खाली उतरतो. पावडर टाकली जाते, कोपऱ्यांतल्या जाळ्या ओढून पाहिल्या जातात आणि आजोबांपासून नातवापर्यंत चौघेजण मांडी ठोकून बसतात. या खेळात सोंगटी गेली म्हणजे गेली. ती नेम धरून गेली, की भलत्याच सोंगटीला थडकून आणि दोन कडा हिंडून गेली, हे कोणी विचारीत नाही. फार तर समोरचा म्हणतो, "तुक्का लागला!" आणि मारणारा म्हणतो, "तुम्हीही लावा की!" तेवढ्यावर प्रकरण मिटते.

याच कुळातला एक थोरला खेळ आहे. त्यात मात्र एवढ्यावर मिटत नाही. त्याचे नाव पूल. हिरव्या बनातीचे टेबल, सहा पॉकेटे, हातात क्यूची लांब काठी. आमच्या राजारामपुरीत गल्ल्यांना नावे देण्याऐवजी आकडे दिलेले आहेत, आणि त्यांतल्याच एका आकड्याच्या गल्लीत जिना चढून गेले की असे एक टेबल मांडलेले दिसते. आईबापांच्या मते तो वाया जाणाऱ्यांचा अड्डा. मास्तर माणूस तिथे दिसला की पोरे क्यू भिंतीला टेकवून उभी राहतात. "खेळा रे, खेळा," असे दोनदा म्हणावे लागते. मी तिथे खेळ पाहायला म्हणून गेलो आणि एका भांडणात रमलो.

खेळ होता आठ-चेंडूंचा. त्यात पांढरा सोडून पंधरा चेंडू असतात. एक ते सात एकरंगी, नऊ ते पंधरा पट्ट्यांचे, आणि आठ नंबरचा काळा. एकाने एकरंगी घालायचे, दुसऱ्याने पट्ट्यांचे. आपले सातही संपले की काळा घालायचा आणि डाव जिंकायचा. आता गंमत अशी, की सुरुवातीचा फोड सोडला तर पुढे प्रत्येक वेळी कोणता चेंडू कोणत्या पॉकेटात घालणार, हे आधी ठरलेले असावे लागते. नेम उघड दिसत असेल तर तोंडाने सांगण्याची गरज नाही. पण काठावर आपटून किंवा दुसऱ्या चेंडूमार्फत घालायचा असेल तर बोललेच पाहिजे. न बोललेला चेंडू गेला, तर पाळी संपली. आणि काळा न बोललेल्या पॉकेटात गेला, तर सगळा डावच गेला.

नेमके तेच घडले होते. एकाने काळ्यावर नेम धरला. चेंडू कोपऱ्याच्या ओठावर आपटला, परतला आणि संथपणे पलीकडच्या मधल्या पॉकेटात जाऊन पडला.

"गेला न्हवं? मग?"

"तू कोपरा बोलला हुतास. हरलास."

"आरं, पण गेला की!"

या 'गेला की' आणि 'बोलला होतास' यांच्यामध्ये माणसाचा केवढा तरी नीतिविचार अडकून पडलेला आहे. आपल्या पूर्वजांना ही अडचण चांगली ठाऊक होती. कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडली, तर त्याला त्यांनी काकतालीय न्याय म्हटले. लाकूड पोखरताना किड्याच्या हातून एखादे अक्षर उमटले, तर तो घुणाक्षर न्याय. फळ खरोखरच पडले आहे, अक्षरही वाचता येते आहे. पण कावळ्याला बळाचे आणि किड्याला विद्येचे श्रेय कोणी देत नाही.

शाळेत आम्ही हेच करतो. गणिताचे उत्तर बरोबर आणि रीत चुकलेली, असा कागद हाती आला की लाल पेन्सिल थबकते. अंदाजपंचे दाहोदरसे आलेल्या उत्तराला पुरे गुण द्यायला कोणत्याही मास्तराचा हात धजत नाही. मात्र हल्ली चार पर्यायांपुढे खूण करायच्या परीक्षा आल्या आहेत आणि तिथे रीत विचारायला कोणी बसलेलेच नाही. तो झाला नऊ-चेंडूंचा खेळ. त्यात नियम एकच, की टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याच्या चेंडूला पांढऱ्याने आधी शिवले पाहिजे. मग पुढे जे पडेल ते तुमचे. धक्काबुक्कीत नऊ नंबरचा पडला तर डावही तुमचा. पोरांना हाच खेळ जास्त आवडतो, आणि त्यात मला नवल वाटत नाही.

हे खेळ परक्यांचे आहेत असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. स्नूकर जन्मला तो १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने तो जमवला, आणि १८८२ च्या सुमारास उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहून लावले गेले. (पुढे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते वेगळे.) बिलियर्ड्समध्ये तर १९५८ साली कलकत्त्यात जगज्जेता ठरलेला विल्सन जोन्स हा आपल्या पुण्याचा.

स्नूकरमध्ये पॉकेट बोलावे लागत नाही; नशिबाने गेलेला चेंडूही मोजला जातो. पण तिथे एक रिवाज आहे. असा चेंडू गेला की खेळाडू समोरच्याकडे पाहून हात किंचित वर करतो. गुण परत करीत नाही; नुसता हात वर करतो. त्याच स्नूकरमध्ये एक कलम मात्र भलतेच खोलात शिरते. ज्या चेंडूला लागायला हवे त्याला पांढरा लागला नाही, तर चूक होतेच. पण खेळाडूने मनापासून प्रयत्न केला होता का, हेही पंचाने ठरवायचे असते. केला नाही असे वाटले, तर चेंडू पूर्वीच्या जागी मांडून त्याच खेळाडूला पुन्हा मारायला लावता येते. न्यायाधीशाला जे जड जाते ते या पंचाला क्षणात करावे लागते.

खासबागेच्या मैदानावर वाढलेल्या कोल्हापूरकराला हे सारे विचित्र वाटेल. पैलवानाने डाव आधी बोलून टाकला तर कुस्ती कसली? तिथे मनातले मनात ठेवणे हीच विद्या. पण तिथेही समोरचा स्वतःच पाय घसरून चीत झाला, तर निकाल लागतो आणि जाणती मंडळी मात्र टाळी वाजवीत नाहीत.

मला सर्वांत विचार करण्याजोगी वाटते ती आठ-चेंडूंच्या नियमातली एक बारीकशी गोष्ट. न बोलता गेलेला चेंडू पुन्हा वर काढीत नाहीत. अमेरिकेतल्या एका जुन्या प्रकारात तो टेबलावर परत मांडतात, इथे नाही. गेला तो गेला, तो तुमच्याच हिशेबात. फक्त त्याच्या जोरावर पुढचा फटका मागता येत नाही. तिथे क्यू समोरच्याच्या हाती द्यायचा. झालेले काम आणि त्याचे श्रेय यांची इतकी स्वच्छ वाटणी मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही. काळ्या चेंडूच्या बाबतीत मात्र हीच माणसे इतकी कठोर का होतात, ते मला अजून पटलेले नाही. नकळत झालेल्या चांगल्याचे श्रेय नाही आणि नकळत झालेल्या वाईटाची पुरी शिक्षा, हा कसला हिशेब? पांढरा पॉकेटात पडला तर 'मला तसे करायचे नव्हते' हे कोणी ऐकून घेत नाही. कदाचित खेळाला ते परवडत नसेल. घरात ते ऐकून घ्यावे लागते, नाहीतर घर चालणार नाही.

काही वर्षांपूर्वीची एक विद्यार्थिनी गेल्या उन्हाळ्यात पेढे घेऊन घरी आली. परिचारिका झाली आहे. सोबत लहान मुलगा होता. म्हणाली, "सर, तुम्ही मला सातवीत पहिल्या बाकावर बसवलंत, म्हणून मी शिकले. नाहीतर नापास होऊन घरी बसले असते." आमच्या हिला हे ऐकून फार बरे वाटले. मला ती गोष्ट आठवत होती. मागच्या बाकाचा पाय मोडला होता आणि सुतार येईपर्यंत त्यावरच्या मुलींना कुठेतरी बसवणे भाग होते. तिच्या डोळ्यांना लांबचे दिसत नाही हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हते, तिच्या घरीही नव्हते आणि खुद्द तिलाही नव्हते. सगळ्यांनाच फळा असा अंधूक दिसतो, असे ती समजून चालली होती.

गप्प राहणे सोपे होते. पेढेही चांगले होते. पण गप्प राहिलो असतो, तर पुढच्या वर्षी हीच हकिगत मी वर्गात स्वतःच्या तोंडाने सांगितली असती, आणि त्याच्या पुढच्या वर्षी मला ती खरी वाटू लागली असती. कादंबऱ्या लिहिणाऱ्याच्या बाबतीत हे फार लवकर होते. म्हणून सांगितले, "अगं, बाक मोडला होता ना तेव्हा. मला काही कळलं नव्हतं."

ती क्षणभर थांबली. मग हसून म्हणाली, "असू दे की सर. मला फळा तर दिसला." आणि तिने मुलाला पाया पडायला पुढे केले. त्याच्या नाकावर इवलासा चष्मा होता; तो चौथ्या वर्षीच लावून घेतला, असे ती जाताना आमच्या हिला सांगत होती.