ताण कुठून येतो ते बघ

बालाघाट,
दिवाळी पाडवा



तुझं निवडपत्र आलं हे सांगायला ताईनं फोन केला, पण तिला बोलवेना. मी भाताच्या बांधावर उभा होतो, तिथेच खाली बसलो. आपल्या घरातली मुलगी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेत जाणार! ही शाळा होमी भाभांनी १९५७ साली सुरू केली. देशाच्या अणुकार्यक्रमातली बहुतेक मोठी माणसं तिच्याच बाकांवरून उठलेली आहेत.

रात्री तू विचारलंस, "मामा, या केंद्राचे संचालक राहिलेल्या डॉ. काकोडकरांसारखी एवढी मोठी संस्था चालवायची तर काय शिकावं लागतं? मॅनेजमेंटचा कोर्स आत्तापासूनच करून ठेवू का?" फोनवर नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. मी खाणीत फिटर होतो हे तुला ठाऊक आहे. खाली पाणी उपसणारा एक पंप एका महिन्यात तीनदा बंद पडला. तिन्ही वेळा बेअरिंग जळालं, तिन्ही वेळा मी नवं बसवलं आणि वर येऊन वहीत 'दुरुस्त केला' असं लिहिलं. चौथ्या वेळी एक म्हातारे मिस्त्री माझ्याबरोबर उतरले. त्यांनी पंपाला हातही लावला नाही. कंदील घेऊन सक्शनच्या पाइपाकडेनं दहा पावलं चालत गेले आणि थांबले. पाइपाखालचा लाकडी टेकू कुजून निसटला होता. पाण्यानं भरलेला पाइप लोंबत होता, त्याचा सगळा ओढा पंपावर येत होता आणि जळत होतं ते बिचारं बेअरिंग. आम्ही नवा टेकू लावला. तो पंप पुढे कित्येक वर्षं चालला. मोडतं एकीकडे आणि ताण येतो दुसरीकडून, हे मी त्या दिवशी शिकलो. चूक माझी होती. जे मोडलं तेवढंच मी बघत होतो.

आता काकोडकरांचं आयुष्य या नजरेनं बघ. जन्म ११ नोव्हेंबर १९४३, नर्मदेच्या अंगाला असलेल्या बडवानीत. आपल्या मध्य प्रदेशाच्या एका टोकाला बडवानी, दुसऱ्या टोकाला वैनगंगेकाठी आपण. आईवडील, कमलाताई आणि पुरुषोत्तम काकोडकर, दोघेही गांधीविचारांचे. वडिलांना गोव्याच्या मुक्तीसाठी झगडताना पोर्तुगिजांनी कैद केलं आणि थेट पोर्तुगालला नेऊन ठेवलं. मुलाचं लहानपण आईच्या आधारानं बडवानी आणि खरगोनमध्ये गेलं. पुढे मुंबईत रुपारेल कॉलेज, मग व्हीजेटीआयमधून १९६३ साली मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी, आणि १९६४ साली तुर्भ्याला नोकरी. लहान गावातून आलोय म्हणून मनात कधी कच खाऊ नकोस, एवढ्यासाठी हे लिहिलं.

ते नॉटिंगहॅमला जाऊन १९६९ साली एम. एस्सी. झाले, तो विषय कोणता होता ठाऊक आहे? धातूवर, सांध्यावर भार पडला की ताण कुठे कुठे आणि किती पोचतो, हे प्रयोगानं मोजण्याचा. म्हणजे माझ्या मिस्त्रींनी कंदिलानं पाहिलं ते शास्त्र म्हणून शिकण्याचा.

त्या शिक्षणाचा कस लागला तो ध्रुव अणुभट्टीत. शंभर मेगावॉट औष्णिक क्षमतेची ही भट्टी आपल्याच लोकांनी आखली आणि उभी केली. तिच्या घडणीत काकोडकरांचा मोठा हात होता. ८ ऑगस्ट १९८५ रोजी ती पेटली, पण जड पाण्याच्या प्रवाहानं आतल्या इंधनाला थरथर सुटली. पूर्ण क्षमतेला पोचायला १९८८ उजाडलं. अख्ख्या देशाचं लक्ष लागलेलं असताना घाई न करता थरथरीचं मूळ शोधत बसायचं, याला केवढं धैर्य लागत असेल! आज त्याच ध्रुवमध्ये तयार होणारी किरणोत्सारी मूलद्रव्यं दवाखान्यांत आजार शोधायला आणि बरे करायला वापरली जातात.

दुसरी गोष्ट कल्पाक्कमची. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या दोन्ही अणुभट्ट्यांच्या पोटात जड पाणी सोडणारा भाग तुटला. किरणोत्सारामुळे माणूस आत शिरू शकत नव्हता. भट्ट्या मोडीत काढायची वेळ आली होती. दुरून चालणाऱ्या अवजारांनी आत पाहून, मोजून, पाण्याची वाट बदलून त्या आधी कमी क्षमतेवर चालवल्या आणि नंतर पुरत्या दुरुस्त केल्या. त्या भट्ट्या वाचवण्याचं श्रेय ज्यांना जातं त्यांत काकोडकरांचं नाव वर आहे. १९७४ आणि १९९८ च्या पोखरण चाचण्यांमुळे लोक त्यांना ओळखतात. मला मात्र कल्पाक्कमचे काकोडकर अधिक जवळचे वाटतात.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. ते भाभा केंद्राचे संचालक झाले १९९६ साली. १९६४ पासून मोज: बत्तीस वर्षं. २००० ते २००९ ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. त्या खुर्चीवर त्यांनी तेच केलं जे आधी भट्टीपाशी केलं होतं. अमेरिकेशी अणुकराराची बोलणी चालू असताना, फेब्रुवारी २००६ मध्ये, फास्ट ब्रीडर भट्ट्या परदेशी देखरेखीखाली देता येणार नाहीत, हे त्यांनी उघडपणे सांगितलं. थोरियमच्या इंधनापर्यंत पोचायची आपली वाट त्याच भट्ट्यांवरून जाते. तिथला टेकू निसटला तर पुढचं सगळं लोंबेल, हे त्यांना दिसत होतं. पुढच्याच महिन्यात जाहीर झालेल्या योजनेत कल्पाक्कमची ब्रीडर भट्टी देखरेखीबाहेर राहिली. त्यांच्याच कारकिर्दीत होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि भुवनेश्वरची नायसर ही विज्ञानसंस्था उभी राहिली. हे पुढच्या पिढीसाठी लावलेले टेकूच.

म्हणून मॅनेजमेंटचा कोर्स पुढे कधी हवा तर कर, आत्ता त्याची घाई नको. आधी एखादं अवघड यंत्र, एखादा अवघड प्रश्न पुरता आपलासा कर. दहा वर्षं लागली तरी चालतील. वहीत 'दुरुस्त केला' असं लिहिण्याआधी दहा पावलं चालून ये. आणि तंत्रज्ञांना, वेल्डरांना, जुन्या ऑपरेटरांना मान दे. कंदील बहुधा त्यांच्याच हातात असतो.

आणखी एक गोष्ट, मनापासून. आपल्या शेजारच्या मंडला जिल्ह्यात चुटका इथे सातशे-सातशे मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या उभारायचं ठरलं आहे. तिथली कितीतरी घरं बरगी धरणानं एकदा उठवलेली आहेत. त्यांना पुन्हा उठा म्हणताना मनावर जो ताण येतो तो कुठल्याच गेजवर दिसत नाही. तू कधी मोठ्या खुर्चीवर बसलीस तर तोही मोजायला शिक. निवृत्तीनंतर काकोडकर गावातच शिक्षण, तंत्रज्ञान आणि रोजगार पोचवण्याचा विचार मांडत राहिले, त्यासाठी शहर आणि खेडं जोडून 'सिलेज' असा शब्द वापरत आले. वीज कुणासाठी करायची हे विसरू नये म्हणूनच ना?

ताईची काळजी करू नकोस, मी आहे. तुझ्याबरोबर नव्या चिन्नोरची पिशवी देतोय, अर्धा तांदूळ तुझ्या खोलीतल्या मैत्रिणींना दे. तुर्भ्याला पोचलीस की पहिल्या महिन्यातच वर्कशॉपमधला सगळ्यात जुना माणूस शोध, त्याच्यापाशी तासभर बस, आणि तो काय म्हणाला ते मला लिही. तुझ्या पहिल्या पत्रात मला तेच वाचायचं आहे.

तुझा,
मामा