पाच पेग आणि मारुतीराया

हैदराबादेत कुकटपल्लीच्या हाउसिंग बोर्ड कॉलनीत पोटापाण्यासाठी येऊन राहिलेला मराठी तरुण शनिवारी मारुतीला तेल वाहतो, जिममध्ये घाम गाळतो आणि रात्री मित्रांसोबत ‘बसतो’. यात अधर्म कुठे होतो?

शरीरशास्त्राचं उत्तर रोखठोक आहे. २०१४ साली मेलबर्नच्या संशोधकांनी आठ धडधाकट पुरुषांना व्यायामानंतर दारू पाजली, वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅम अल्कोहोल. म्हणजे सत्तर किलोच्या गड्याला आपल्याकडचे साधारण पाच लार्ज पेग! सोबत प्रथिनं देऊनही स्नायूंमधली नवी प्रथिनं घडण्याचा वेग, नुसती प्रथिनं घेतली तेव्हाच्या तुलनेत, २४ टक्क्यांनी घटला. प्रथिनांऐवजी कर्बोदकं दिली तेव्हा घट ३७ टक्के.

तालमीत हे आकडे कुणाला ठाऊक नव्हते. तिथे शरीर बलोपासनेचं साधन होतं, आणि मारुतीसमोर जोर मारणाऱ्याने दारूला शिवू नये हा दंडक. ‘माझं शरीर, माझी मर्जी’ हा युक्तिवाद वस्तादासमोर टिकला नसता.

पण दारूलाच पाप ठरवावं, तर याच हैदराबादेत आषाढात बोनालूचा सण येतो आणि देवीला ताडी वाहिली जाते. तेलंगणातल्या भाविकाला त्यात विटाळ दिसत नाही. बुद्धाचं पाचवं शील मात्र मद्याला नकारच देतं, कारण त्याने सावधपणा सुटतो. दंडाच्या घेराशी त्याला देणंघेणं नाही.

गीतेचा सहावा अध्याय आहार-विहारात बेताने राहायला सांगतो. ‘बेताने’ हा शब्द पिणाऱ्यांना फार आवडतो. मेलबर्नच्या प्रयोगात मात्र एखाद्या पेगची परीक्षा झालीच नव्हती.